चष्मा काढू नका, वाफ टाळा



या पानावर आपण बी-बियाणे, खत, पाणी, कीड-रोग यांच्याबद्दल नेहमीच बोलतो. आजचा विषय दिसायला अगदी किरकोळ आहे. चष्म्याच्या काचेवर वाफ का धरते आणि ती धरू नये म्हणून काय करावे, एवढाच. "यात लिहिण्यासारखे ते काय?" असे कुणी म्हणेल. पण जरा थांबा. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

थंडीच्या दिवसांत पहाटे सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून संकलन केंद्राकडे निघणारे पुष्कळ जण आहेत. शाळेला चार-पाच कोस नाही, तरी तीन-चार मैल सायकल मारणाऱ्या मुली आहेत. कुणाला नंबरचा चष्मा असतो, कुणी धूळ आणि चिलटे डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून साधा गॉगल लावतो. चढ चढून होतो, क्षणभर पाय टेकतो, आणि दोन्ही काचा पांढऱ्या होतात. समोरून उसाची ट्रॉली येते आहे की बैलगाडी, ते कळत नाही. मग माणूस काय करतो? चष्मा काढून खिशात टाकतो आणि अर्ध्या नजरेने पुढे जातो.

दुसरे ठिकाण कपाशीचे शेत. दिवस पावसाळ्याचे, हवा दमट, पाठीवर पंप. फवारणीचा चष्मा लावून पाच-दहा मिनिटे होत नाहीत तोच आतून वाफ धरते. ओळ दिसेना, नॉझल दिसेना. इथेही माणूस तेच करतो. चष्मा कपाळावर चढवतो किंवा बांधावर ठेवून देतो, आणि उघड्या डोळ्यांनी विषाच्या तुषारांत चालू लागतो.

दोन्ही ठिकाणी चष्मा निघतो तो नेमका त्याची सर्वांत जास्त गरज असते त्या वेळी. "चष्मा वापरा" असे आम्ही विस्तार खात्याची माणसे सभांतून सांगत आलो. पण चष्मा डोळ्यांवर टिकेल कसा, हे सांगितल्याशिवाय तो सल्ला अपुरा आहे. म्हणून आजचा हा लेख.

वाफ म्हणजे दवच

रात्र निरभ्र असली, वारा पडलेला असला की सकाळी गवतावर दव दिसते. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो. द्राक्षबागायतदार तर पान किती तास ओले राहिले यावरून केवड्याचा धोका ओळखतात. चष्म्यावरची वाफ ही यांचीच धाकटी बहीण.

हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते. हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या हवेत ३० अंश सेल्सियसला सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. तीच हवा १० अंशांवर आली की जेमतेम ९ ग्रॅम. उरलेली वाफ जाणार कुठे? जो थंड पृष्ठभाग सापडेल त्याच्यावर ती पाण्याच्या थेंबांच्या रूपाने बसते.

आता आपला श्वास पाहा. तो बाहेर पडतो तेव्हा साधारण ३४ अंशांचा असतो आणि वाफेने जवळजवळ तुडुंब भरलेला असतो. त्यात कपाळाचा आणि गालांचा घाम. ही ओली, उबदार हवा काचेला लागली आणि काच तिच्याहून थंड असली की तिथे दव पडलेच. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत हे होते यात नवल नाही. पण विदर्भात भर पावसाळ्यात, हवा २८-३० अंश असतानाही होते, कारण चष्म्याच्या आत कोंडलेली हवा त्याहूनही गरम आणि ओली असते. म्हणून "थंडी नाही, मग वाफ कशी?" हा प्रश्न मनातून काढून टाका.

एवढे कळले की उपाय आपोआप सुचतात. ते चारच आहेत. एक, श्वास काचेपर्यंत पोचू देऊ नये. दोन, काचेमागे वारा खेळता ठेवावा. तीन, काच फार गार होऊ देऊ नये. चार, पाणी बसलेच तर ते थेंब होऊन न बसता पसरून जाईल असे करावे. यातला चौथा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि तो तुमच्या मोरीतच ठेवलेला आहे. आधी तोच पाहू.

अळवावरचे पाणी आणि साबण

अळवाच्या पानावर पाणी टाकले तर त्याचे मोती होतात आणि घरंगळतात. कोबीच्या आणि कांद्याच्या पातीवरही तसेच. म्हणून फवारणीच्या पाण्यात आपण चिकटद्रव्य, ज्याला दुकानात सर्वजण स्टिकर म्हणतात, ते मिसळतो. मग थेंब पानावर गोल राहत नाही, पसरतो. असे का होते? पाण्याला स्वतःला आवळून गोल होण्याची ओढ असते. तिला पृष्ठताण म्हणतात. चिकटद्रव्य ही ओढ कमी करते. साबणही नेमके हेच करतो.

काचेवर वाफ बसते तेव्हा हजारो बारीक थेंब होतात. प्रत्येक थेंब प्रकाश वेडावाकडा फाकवतो, म्हणून काच पांढरी दिसते. पण काचेवर साबणाचा अगदी पातळ थर असेल तर तेच पाणी थेंब न होता पातळ पापुद्र्यासारखे पसरते. पाणी असते, पण त्यातून आरपार दिसते.

पॉलिहाऊस असणाऱ्यांना हे नवे नाही. वरच्या कागदावर आतून पाणी धरते आणि ते टपटप पिकावर पडले की रोग वाढतो. म्हणून चांगल्या प्रतीच्या कागदात अँटी-ड्रिप गुण घातलेला असतो. त्यावर पाणी थेंब न धरता पसरते आणि उतारावरून कडेला वाहून जाते. तत्त्व एकच.

विश्वास बसत नसेल तर घरी करून पाहा. एक आरसा घ्या. अर्ध्या भागावर साबणाच्या पाण्याचे बोट फिरवा, मऊ कापडाने हलके पुसून कोरडा करा. दुसरा अर्धा भाग तसाच ठेवा. आता आरसा उकळत्या चहाच्या पातेल्यावर हातभर उंच धरा. साधा भाग लगेच पांढरा होईल. साबणाच्या भागात तुमचा चेहरा दिसत राहील. मुलांना दाखवा, त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा तिथल्या तिथे होऊन जाईल.

२०११ साली इंग्लंडमधल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या एका नियतकालिकात हाच उपाय छापून आला. तोंडावर मास्क बांधून काम करताना चष्म्यावर वाफ धरते, तर चष्मा साबणाच्या पाण्याने धुवा, झटका आणि वाळू द्या, असे त्यात सांगितले होते. पुढे २०२० साली कोरोनाची साथ आली, सगळ्या जगाने मास्क बांधले आणि चष्मेवाल्या प्रत्येकाला हे दुखणे कळले.

कृती

साहित्य काहीच नाही. वाटीभर स्वच्छ पाणी, भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब आणि धुतलेले जुने मऊ सुती कापड. अंगाचा साबणही चालतो, पण तुमचे पाणी बोअरचे जड असेल तर त्याचा साका होऊन काचेवर पांढरट डाग राहतात. अशा ठिकाणी द्रव साबणच बरा.

१. आधी चष्मा साध्या पाण्याखाली धरा. धूळ वाहून जाऊ द्या. धूळ असताना घासले तर ओरखडे पडतात.

२. हात स्वच्छ धुवा. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून काचेच्या दोन्ही बाजूंना हलके फिरवा. आतली बाजू विशेष नीट करा, कारण वाफ तिथेच धरते. नाकाजवळच्या गाद्या आणि दांड्याही धुवा, तिथे घामाचे तेल साचते.

३. पाणी झटकून टाका. पुन्हा भरपूर पाण्याने धुऊ नका, नाहीतर थर निघून जाईल.

४. सावलीत वाळू द्या. रेघा दिसल्या तर कोरड्या मऊ कापडाने एकदाच, हलक्या हाताने पुसा. आरपार स्वच्छ दिसले पाहिजे आणि बोटाला चिकट लागता कामा नये.

हा थर कायमचा नाही. घामाने आणि पुसण्याने तो जातो. म्हणून रोज सकाळी, आणि फवारणीच्या दिवशी प्रत्येक वेळी नव्याने, ही दोन मिनिटे द्यावीत.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही महागड्या सायकलच्या आणि फवारणीच्या गॉगलना कारखान्यातच वाफरोधक थर दिलेला असतो. त्याची आतली बाजू घासू नये, ओली असताना तर मुळीच नाही. नुसते पाण्याने धुऊन वाळू द्यावे. बरोबरच्या कागदावर काय लिहिले आहे ते आधी वाचा.

साबण जास्त लावला तर जास्त फायदा होईल, असेही समजू नका. याची एक गोष्ट अंतराळातली आहे. जून १९६६ मध्ये अमेरिकेचे अंतराळवीर यूजीन सर्नन जेमिनी-९ यानातून बाहेर पडून दोन तासांहून अधिक वेळ अधांतरी काम करत होते. श्रमाने दम लागला, घाम फुटला आणि शिरस्त्राणाची काच आतून पार धुरकटली. नाकाने घासून काचेचा छोटासा भाग मोकळा करावा आणि तेवढ्यातून पाहावे, अशी वेळ आली. शेवटी काम अर्धवट टाकून आत यावे लागले. त्यानंतर अंतराळवीरांच्या काचांना आतून वाफरोधक द्रव लावण्याची पद्धत पडली. पण २००१ मध्ये कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड बाहेर काम करत असताना तोच द्रव त्यांच्या डोळ्यात गेला. आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याची आग होऊन त्यांना काही वेळ काहीच दिसेना. जगातल्या मोठ्यात मोठ्या खर्चाच्या पोशाखातली ही अडचण आणि आपल्या बांधावरची अडचण एकच आहे. धडाही एकच आहे. थर हवा, पण पातळ हवा आणि पूर्ण वाळलेला हवा.

सायकलवर

सायकल चालत असते तेव्हा वारा काचेमागची ओली हवा उडवून नेतो. म्हणून वाफ सहसा चालताना धरत नाही, थांबल्यावर धरते. चढ संपला, फाटक लागले, कुणी ओळखीचे भेटले, की अंग गरम, घाम चालू आणि वारा बंद. हे ध्यानात घेऊन पुढील गोष्टी करा.

थांबायच्या आधी शे-दोनशे पावले पायडल हलके मारा, दम खाली बसू द्या. थांबल्यावर चष्मा नाकावर जवभर पुढे ओढा, म्हणजे काच आणि गाल यांच्यामधून हवा फिरेल. निघालात की पुन्हा जागेवर बसवा. चष्मा कपाळावर किंवा टोपीवर चढवून ठेवू नका. डोक्यातून उष्णता आणि घाम बाहेर पडतो, त्यामुळे तिथे ठेवलेली काच हमखास धुरकटते.

मफलर किंवा ओढणी नाकावरून गुंडाळली की प्रत्येक श्वास वरच्या फटीतून थेट काचेवर जातो. कान आणि गळा झाका, नाक मोकळे ठेवा. मुलींना धुळीसाठी तोंड बांधावेच लागत असेल तर ओढणीची वरची कड नाकाच्या दांडीवर घट्ट बसवा आणि हनुवटीखाली सैल ठेवा. श्वासाला खाली वाट मिळाली की तो वर येत नाही. चष्मा ओढणीच्या कडेवर टेकवून घाला.

गॉगल नवा घ्यायचा असेल तर चेहऱ्याला चहूबाजूंनी चिकटणारा घेऊ नका. वरखाली थोडी फट हवी. पहाटेसाठी काच पांढरी किंवा फिकट पिवळी हवी. काळी काच दुपारी ठीक, पहाटे ती अंधारात भर घालते.

धुक्यातून जाताना मात्र काचेच्या बाहेरच्या बाजूला पाणी बसते. ती वाफ नव्हे, ते धुक्याचेच थेंब. ओळखायचे कसे? बोट बाहेरून फिरवले आणि स्वच्छ झाले तर ते धुके. त्याला साबणाचा उपयोग थोडाच. खिशात कोरडे मऊ कापड ठेवा आणि सायकल थांबवून पुसा. दाट धुक्यात दिव्याशिवाय आणि मागच्या लाल चकतीशिवाय सायकल रस्त्यावर आणूच नका.

संकलन केंद्रात, चहाच्या टपरीत किंवा चूल पेटलेल्या घरात शिरलात की गार काच क्षणात पांढरी होते. ती पुसू नका. मिनिट-दोन मिनिटांत काच उबदार झाली की वाफ आपोआप जाते. रात्री चष्मा पत्र्याच्या फळीवर किंवा उघड्या खिडकीत ठेवू नका. घरात उबेला ठेवा. मात्र चुलीजवळ किंवा दिव्यावर गरम करू नका, प्लॅस्टिकची काच वाकडी होते.

मोटारसायकलवाल्यांसाठी एकच ओळ. हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवा आणि आतून हाच साबणाचा उपाय करा.

फवारणीच्या वेळी

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. सायकलवर चष्मा निघाला तर धोका आहेच, पण तिथे निदान थांबता येते. फवारणीत उघड्या डोळ्यांत जे जाते ते परत काढता येत नाही.

आपण त्याला "औषध" म्हणतो. औषध पिकाचे, पण माणसासाठी ते विषच. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग उतरत्या क्रमाने पुढचे. हिरव्यालाही विष म्हणूनच वागवा.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले आणि शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावे लागले. काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्या साली कपाशी पुरुषभर वाढली होती, हवा दमट होती, आणि तुषार तोंडाच्या उंचीवर उडत होते. अशा हवेत चष्मा धुरकटतोच. तेव्हा आधीच तयारी करायला हवी.

चष्मा कोणता घ्यावा? फवारणीसाठी बाजूने बंद असलेला गॉगल घ्यावा. त्याला हवेची भोके असावीत, पण ती झाकलेली, आडवळणाची असावीत. म्हणजे हवा जाईल, तुषार जाणार नाहीत. सरळ उघडी भोके असतील तर विष आत येते. मुळीच भोके नसतील तर वाफ जास्त धरते. वाफ धरते म्हणून चष्म्याला स्वतः भोके पाडू नका, आणि असलेली भोके चिकटपट्टीने बुजवूही नका. नंबरचा चष्मा म्हणजे फवारणीचा चष्मा नव्हे. नंबर असेल त्याने वरून बसेल असा मोठा गॉगल घ्यावा आणि साबणाचा उपाय दोन्हींना करावा.

तोंडाचे काय? नुसता रुमाल किंवा उपरणे बांधले तर दुहेरी तोटा. विषाची वाफ त्यातून आत येते आणि श्वासाची वाफ वरच्या फटीतून काचेवर जाते. डब्यावर सांगितलेला मास्क घ्या. श्वास सोडायची झडप असलेला मास्क नाकावर नीट घट्ट बसतो आणि सोडलेला श्वास खाली किंवा पुढे जातो. आधी मास्क बसवा, मग त्याच्या वरच्या कडेवर गॉगल बसवा. नाकाची पट्टी बोटांनी दाबून फट बुजवा. शेतात जाण्याआधी दारातच पाच-सहा मोठे श्वास सोडून पाहा. काच धुरकटली तर मास्क पुन्हा बसवा. ही परीक्षा अंगणात करायची असते, कपाशीच्या मधोमध नव्हे.

कपाळावर स्वच्छ सुती पट्टी बांधा, म्हणजे घाम चष्म्यात उतरणार नाही. शक्य असेल तर दोन गॉगल ठेवा. एक डोळ्यांवर, दुसरा धुतलेला, स्वच्छ पिशवीत, बांधावर सावलीला. दुसरा गॉगल एका दवाखान्याच्या फेरीपेक्षा स्वस्तच पडतो. सकाळी किंवा सायंकाळी ऊन कमी असताना फवारा. वाऱ्याच्या दिशेने चाला, वारा पाठीवर ठेवा. अधूनमधून विसावा घ्या. दमलेला माणूस जास्त घामेजतो, जास्त धापा टाकतो आणि त्याची काच लवकर धुरकटते.

इतके करूनही वाफ धरली तर? पिकात उभे राहून चष्मा काढू नका. हातमोज्याने किंवा सदऱ्याच्या बाहीने पुसू नका, तिथे विष लागलेले असते. पंप बंद करा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, पिकाबाहेर मोकळ्यावर या. हातमोजे घातलेले हात आधी धुवा, मग मोजे काढा, हात साबणाने पुन्हा धुवा, आणि मगच चष्म्याला हात लावा. यासाठी बांधावर स्वच्छ पाण्याची वेगळी घागर आणि साबणाची वडी ठेवलेली असावी. काम संपल्यावर गॉगल धुवा. ते पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका. गॉगल औषधांच्या डब्यांच्या पेटीत ठेवू नका.

काच धुरकट की डोळा धुरकट?

हा परिच्छेद घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

फवारणी करताना अंधूक दिसू लागले तर प्रत्येक वेळी दोष काचेचाच असतो असे नाही. फॉस्फरसयुक्त गटातल्या अनेक कीटकनाशकांची बाधा झाली की डोळ्याची बाहुली बारीक होते आणि नजर अंधुकते. काच धुरकट आहे असे समजून माणूस फवारत राहतो आणि आत विष भिनत जाते. म्हणून अंधूक दिसताच वर सांगितल्याप्रमाणे बाहेर यायचे, हात धुवायचे, चष्मा काढायचा आणि दूरच्या झाडाकडे पाहायचे. लख्ख दिसले तर ती वाफ होती. चष्मा काढूनही अंधूकच दिसत असेल, किंवा डोके दुखणे, मळमळ, उलटी, तोंडाला लाळ सुटणे, भलताच घाम, छाती आवळल्यासारखे वाटणे, हातपाय थरथरणे यांतले काहीही असेल, तर ती विषबाधा समजा.

मग एक क्षण घालवू नका. फवारणी तिथेच सोडा. अंगावरचे कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. १०८ ला फोन करून गाडी मागवा. रोग्याने स्वतः सायकल किंवा मोटारसायकल चालवत जाऊ नये. औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल बरोबर न्या, डॉक्टरांना उपचार ठरवायला त्याची गरज असते.

विष डोळ्यात उडाले तर पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ पाण्याची संथ धार निदान १५ मिनिटे सोडा. धार नाकाकडून कानाकडे जाऊ द्या, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. डोळा चोळू नका. दूध, तूप, एरंडेल, गुलाबपाणी यांतले काही घालू नका. धुऊन झाले की डॉक्टरांना दाखवाच.

काही शंका

थुंकी लावली तर चालते का, असे पोहणारे लोक विचारतात. पोहताना चालत असेल, फवारणीत मुळीच नाही. हात तोंडाकडे गेला की विषही तोंडाकडे गेले.

टूथपेस्ट, राख, मीठ यांनी काच चकचकीत होते म्हणतात. होते ती ओरखडलेली. आजच्या बहुतेक काचा प्लॅस्टिकच्या असतात, त्यांना कण सोसत नाहीत. कपडे धुण्याची पावडर, रॉकेल, पेट्रोल हेही नको.

फवारणीचे चिकटद्रव्य हेच काम करते, तर तेच काचेला का लावू नये? कारण ते पिकासाठी बनवलेले आहे, डोळ्याजवळ ठेवण्यासाठी नाही. तत्त्व तेच, वस्तू वेगळी.

आणि धोतराचा सोगा, पदर, टॉवेलचे टोक? सवय जुनी आहे हे खरे. पण त्यातली धूळ रोज थोडी थोडी काच खाते. चार आण्याएवढे मऊ कापडाचे तुकडे कापून, धुऊन, डबीत ठेवा.

शेवटी एक विनंती. मजुराच्या पाठीवर पंप देता, तसा त्याच्या डोळ्यांवर चष्माही द्या, आणि द्यायच्या आधी तो साबणाच्या पाण्याने धुऊन द्या. घरच्या मालकिणींनी फवारणीच्या दिवशी भाकरीच्या फडक्याबरोबर हे काम आपल्याकडे घेतले तर फारच बरे, कारण शेतावर निघायच्या घाईत पुरुषांना ते आठवत नाही. पीक एका हंगामात गेले तर पुढच्या हंगामात येते. डोळ्यांना दुसरा हंगाम नाही.